पाठीवरचं जाळं

शाल्मलीच्या पाठीवर कोमट तेलाचा हात फिरवताना रेणुकाची बोटं खांद्याच्या पात्यांच्या मधोमध आली आणि अडखळली. त्वचेवर काहीतरी उमटलं होतं. तिने न्हाणीघराचं दार पायाने थोडं लोटलं. चैत्रातल्या उजेडाचं एक पातं आत शिरलं आणि त्यात तिला लेकीची पाठ दिसली. बारीक, लाल, उंचावलेल्या पुटकुळ्या. त्या विखुरलेल्या नव्हत्या. एकीने दुसरीचा हात धरावा तशा त्या सांधत गेल्या होत्या आणि मधल्या जागा कोऱ्या ठेवून त्यांनी पाठीवर एक जाळं विणायला घेतलं होतं.

“का थांबलीस?” पाटावर ओणवी बसलेल्या शाल्मलीने विचारलं.

“काही नाही. घामोळं आलंय.”

“घामोळं इतकं खाजतं? काल भिंतीला पाठ घासत होते म्हशीसारखी. बाबा हसत सुटले.”

“शेगडीची धग, वर हा उन्हाळा. बाळंतिणीला व्हायचंच. ताक पी जरा जास्त.”

रेणुका हे बोलली आणि तिला स्वतःच्याच आवाजाची भीती वाटली. इतका तो सहज होता. ते घामोळं नव्हतं. तिच्या स्वतःच्या पाठीवर, बंद गळ्याच्या ब्लाउजखाली, हेच जाळं गेले कित्येक आठवडे पसरत होतं. जिथे ते जुनं झालं होतं तिथे वाळलेल्या शाईसारखं तपकिरी होऊन बसलं होतं.

रेणुका शिंत्रे आजऱ्याजवळच्या एका भात संशोधन केंद्रात भात चाखण्याचं काम करायची. नव्या वाणांचे तांदूळ शिजून, मीठ-तूप न लावता, पांढऱ्या वाट्यांतून तिच्यापुढे येत. ती डोळे मिटून एकेक घास जिभेवर ठेवी आणि सांगे: हा गार झाल्यावर दगड होतो, याचा वास शिजतानाच उडून जातो, याला पाणी उशिरा मिळालंय. सुगंध मोजणारी यंत्रं केंद्रात होती. पण कुठला भात लोक दुसऱ्यांदा मागून घेतील, ते यंत्रांना सांगता येत नव्हतं. रेणुकाला येत होतं. जगाशी तिचं जे काही खरं नातं होतं ते त्या वाट्यांतून जात होतं.

मग मधुमेह आला. भात, भाकरी, पोळी, बटाटा, सगळ्यांना एका दमात हद्दपार करणारा आहार तिने नेटाने सुरू केला. चाखण्याच्या टेबलावर तिचे सहकारी घास चघळून समोरच्या भांड्यात थुंकत. तिला ते जमेना. शिजलेलं अन्न तोंडातून बाहेर टाकायचं म्हटलं की घशात काहीतरी आडवं येई. केंद्राचे प्रमुख एकदा हळूच म्हणाले, “मॅडम, तब्येत आधी. कचेरीत बदली करून देतो.” त्याच आठवड्यात तिने लाघव घेतलं.

लाघव हे औषध नव्हतं, तो जिवाणू होता. माणसाच्या तोंडात-आतड्यात मुकाट्याने राहणाऱ्या एका जिवाणूला प्रयोगशाळेत नवं काम शिकवलेलं होतं: समोर येणारा पिष्टाचा, साखरेचा कण रक्तात शिरण्याआधीच पकडायचा आणि त्याचा तंतू कातायचा, कापसासारखा, न पचणारा तंतू. माणूस जेवे, चव घेई, त्याचं पोट भरे. रक्ताच्या वाट्याला मात्र साखर येत नसे. साखर मिळाली नाही की यकृत चरबीपासून कीटोन नावाचं दुसरं इंधन बनवू लागतं. जे साधायला पूर्वी महिनोन्महिने मन मारावं लागे, ते आता पुरणपोळी खाताखाता साधू लागलं.

लोकांनी त्या जिवाणूचं नाव ठेवलं ‘पाव्हणा’. लग्नाच्या पंगतींत जिलेबीची ताटं पुन्हा फिरू लागली. “घ्या की अजून दोन! तुम्हाला कुठं लागतायत, पाव्हण्याला लागतील!” असा आग्रह होऊ लागला. भरल्या ताटावर बसून केलेला तो उपास होता आणि उपाशी माणसं तृप्तीचे ढेकर देत होती.

पाव्हण्याच्या गळ्यात एक दोरी ठेवलेली होती. त्याला जगायला एक विशिष्ट अमिनो आम्ल लागे, जे रोजच्या जेवणात जवळजवळ नसतं. ते रोजच्या पांढऱ्या गोळीतून पुरवायचं. गोळी थांबली की आठवड्याभरात तो मरतो. चुकून दुसऱ्याच्या पोटात गेलाच तर तिथे उपाशी मरेल, पसरणार नाही, असं कंपनीचं ठाम आश्वासन होतं. रेणुकाने ते इतक्यांदा वाचलं होतं की ते तिला पाठ झालं होतं.

शाल्मलीचा विरोध होता. ती नवऱ्याबरोबर, निषादबरोबर, पुण्यात राहायची आणि पुलांचे आराखडे करायची. ज्याचा भार मोजलेला नाही त्यावर पाय ठेवू नये, हा तिचा स्वभाव होता. “आई, दुसऱ्याच्या मालकीचं काहीतरी तुझ्या पोटात राहणार? ते उद्या काय करेल हे त्यांनाही माहीत नाही. वचन दे मला,” ती फोनवर म्हणाली होती. रेणुकाने वचन दिलं. पहिला डोस तिने त्याच सकाळी घेतलेला होता.

पुरळ नंतर आलं. पिष्ट सोडणाऱ्या काही जणांना ते पूर्वीही येत असे. रक्तात कीटोन चढले की त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्यांभोवती दाह सुरू होतो आणि पाठीवर, मानेवर, छातीवर जाळीदार पुरळ उठतं. त्यावर पहिला, साधा उपाय असा की थोडा भात खावा, थोडी भाकरी खावी. रेणुका रोज भात खात होती. तो तिच्यापर्यंत पोचत नव्हता.

त्या सकाळी लेकीला न्हाऊ घालून, शेक देऊन, ती ओसरीवर आली. अभिजित, तिचा नवरा, तिथे तान्ह्या नातवाला मांडीवर घेऊन बसला होता. तो भूगोलाचा मास्तर. नातवाच्या तळव्यांवरच्या रेघा बघत कुठली नदी कुठे मिळते ते त्याला समजावून सांगत होता.

“अहो, शालूच्या पाठीवर माझ्यासारखंच आलंय.”

“तुझ्यासारखं म्हणजे?”

“जाळीचं.”

त्याने मान वर केली. क्षणभर त्याच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकून गेलं. “तूच म्हणाली होतीस ना, गोळीशिवाय तो जगत नाही? शालू कुठे घेते गोळी? मनात येईल ते वाईट आणू नकोस.”

“तरी सांगून टाकू का तिला?”

“आत्ता? ओली बाळंतीण आहे ती. चिडेल, रडेल, दूध आटेल. जाऊ दे पुण्याला, मग सांग हवं तर.”

रेणुकाला हेच ऐकायचं होतं. आपल्या मनातली पळवाट दुसऱ्याने दाखवली की ती रस्त्यासारखी दिसू लागते.

दुपारी लाडवाची वेळ झाली. रेणुकाने मेथी दळून, तुपात भिजवून, डिंक-खोबरं घालून डबाभर लाडू वळले होते. दूध उतरावं, कंबर भरून यावी म्हणून. ते शाल्मलीला लहानपणापासून कडूजहर लागत. त्यामुळे पहिल्या दिवसापासून दोघींचा एक करार ठरला होता: आधी आईने चावा घ्यायचा, मग उरलेला लेकीने संपवायचा.

“आज तूच खा सगळा,” रेणुका म्हणाली.

“का बरं? करार म्हणजे करार. कडू दोघींनी वाटून खायचं. तू सुटायला बघू नकोस.”

“मोठी झालीस आता. पोर झालं तुला.”

“म्हणून तर! सकाळपासून मला कुणी विचारतच नाही, सगळे त्यालाच विचारतात. निदान तू माझे लाड कर.” शाल्मलीने लहान मुलीसारखा आ केला.

रेणुकाच्या हातात लाडू होता. पाठ झालेलं ते आश्वासन तिने मनात एकदा म्हटलं, देवापुढे काहीतरी पुटपुटावं तसं. मग तिने चावा घेतला आणि उरलेला अर्धा लेकीच्या तोंडात दिला.

त्यानंतरचे दिवस वरवर शांत गेले. आरोग्यसेविका वजनकाटा घेऊन आली आणि तिने बाळाला दोनदा तोलून पाहिलं. “वाढायला हवं होतं ओ. अंगावरचं पुरतंय ना?” पुरत होतं, दूध तर चोळी भिजवून वाहत होतं. बाळ पोटभर पिई आणि थोड्या वेळाने पुन्हा उपाशी असल्यासारखं रडे. त्याच्या टाळूला मेथीचा गोडसर वास येई, तो हुंगून अभिजित म्हणे, “आजीच्या लाडवांचा वास घेऊन आलंय लेकाचं.” शाल्मलीचं पुरळ मानेवर चढलं. रेणुका त्यावर कडुलिंबाचा पाला वाटून लावी आणि तिची नजर चुकवी. एखादी गोष्ट न बोलण्यालाही अंग असतं. ती घरात वावरते, ताटावर बसते, कुशीत येऊन निजते.

मग एका सकाळी शाल्मलीला उलट्या सुरू झाल्या. तिचा श्वास डोंगर चढून आल्यासारखा जोरात चालू लागला. रेणुका तिचं डोकं धरून बसली होती. लेकीच्या उच्छ्वासाचा वास तिच्या नाकाशी आला: उतरून गेलेल्या फळांचा, किंचित औषधी. तो तिला परका नव्हता. आरशापुढे तोंड धुताना तो तिला रोज येत होता.

गडहिंग्लजच्या दवाखान्यात डॉ. तबस्सुम नाईकवडींनी रक्ताचे आकडे बघितले आणि त्यांच्या भुवया जवळ आल्या. “रक्तात आम्ल चढलंय, साखर नाहीच. उपास करते का ही? डाएट वगैरे?”

“उपास?” अभिजित जवळजवळ ओरडला. “तीन वेळा भात खाते, शिरा खाते. माझ्यासमोर!”

“तसं दिसत नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईचं शरीर दुधासाठी साखर ओतत राहतं. वरून आलीच नाही तर ते असं पेटतं. उपाशी बाईचं रक्त आहे हे.” डॉक्टरांनी शिरेतून ग्लुकोज लावायला सांगितलं. “चढेल हे, पण मूळ कारण कळायला हवं. बाळाचीही साखर कमी आहे. मी दोघांना कोल्हापूरला पाठवते. कदाचित जन्मजात दोष असेल, कदाचित जंतुसंसर्ग…”

रेणुका खाटेच्या पायथ्याशी उभी होती. खाटेवर शाल्मलीचे डोळे अर्धे उघडे होते. डॉक्टर आजारांची नावं घेत होत्या. ती सगळी चुकीची होती, आणि त्या खोलीत हे खात्रीने फक्त तिला माहीत होतं. तिने काही न बोलता पदर खांद्यावरून काढला, पाठ फिरवली आणि ब्लाउजची मागची बटणं सोडली.

तिला कुणाचेच चेहरे दिसत नव्हते. समोर फक्त भिंत होती.

“लाघव?” डॉक्टरांचा आवाज आला.

“हो.”

“आई,” शाल्मली म्हणाली. एवढंच.

रेणुकाने बटणं लावली आणि ती वळली. डॉक्टर विचारात पडल्या होत्या. “पण रेणुकाताई, ही तर गोळी घेत नाही. तिच्या पोटात तो जगेल कशावर?” त्यांनी संगणकावर गोळीची माहिती उघडली आणि पुटपुटत वाचू लागल्या. मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. “हे आम्ल मेथीच्या दाण्यातून काढतात. पण त्यांनी त्याचा विचार केलेला आहे. स्वयंपाकात मेथी चिमूटभर पडते, तेवढ्यावर जिवाणू तगत नाही, असं इथे स्पष्ट…”

“डॉक्टर,” रेणुका म्हणाली, “बाळंतिणीचे लाडू चिमटीने करत नाहीत.”

डॉक्टर हळूहळू खुर्चीत टेकल्या.

“रोज देते. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. आधी मी चावा घेते, मग ती खाते.”

“माझ्या अम्मीनेही मला असेच चारले होते,” डॉक्टर स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. “त्या प्रयोगशाळेत कुणाची बाळंतपणं झालीच नव्हती की काय?” मग त्यांचा चेहरा एकदम बदलला. “हे आम्ल दुधातूनही जातं, आणि जिवाणूही. बाळाच्या पोटातही तोच दुधातल्या साखरेचे दोरे काढत बसलाय. आणि मी… या उन्हाळ्यात किती बाळंतिणींना मी घामोळ्याचं मलम लिहून दिलंय!” त्या उठल्या. दारातून त्यांनी नर्सला हाक मारली आणि त्या सगळ्या बायकांचे फोन नंबर काढायला सांगितले.

कोल्हापूरला जावं लागलं नाही. मेथी थांबली, शिरेतून साखर गेली, बाळाला काही दिवस पावडरचं दूध आणि सलाईन मिळालं. दोरी तुटली आणि लेकीच्या, नातवाच्या पोटातला पाव्हणा मेला. बाळाचं वजन काट्यावर सरकलं त्या दिवशी अभिजितने नर्सला पेढे दिले. रेणुकाने तो पुडा हातातही घेतला नाही. दारातून बघत राहिली.

दवाखान्यातून सुटण्याआधीच्या दुपारी शाल्मलीने तिला आत बोलावलं.

“किती दिवस माहीत होतं?”

“पाठ पाहिली त्या दिवसापासून शंका होती.”

“त्या दुपारी लाडवाला नको म्हणत होतीस. तेव्हा?”

“तेव्हाही.”

“मी हट्ट केला म्हणून दिलास?”

“नाही,” रेणुका म्हणाली. “तू हट्ट केलास हे मला बरं वाटलं, म्हणून दिला. सांगितलं असतं तर तू पुन्हा कधी माझ्या हातचं खाल्लं नसतंस.”

शाल्मलीच्या गळ्यावर पुरळ विरून तपकिरी छाया राहिली होती. “तू सांगितलं असतंस ना, आई, तर मी मेथी सोडली असती. तुला नसतं सोडलं.”

रेणुकाला रडू आलं नाही. रडण्याहून ते जड होतं.

“आता काय करू ते मला कळत नाही,” शाल्मली म्हणाली. “निषाद उद्या गाडी घेऊन येतोय. मी इथूनच पुण्याला जाते. तू बाळाला घेऊ नकोस, तुझी तपासणी साफ येईपर्यंत. बारसं वैशाखात आहे. साफ आली तर ये.” मग थोडं थांबून, “खोटं सांगून येऊ नकोस.”

रेणुकाने गोळ्या दवाखान्यातच बंद केल्या होत्या. तिने कचेरीतली बदलीही मागून घेतली; आता ती चाखण्याच्या खोलीत जात नव्हती. जेवताना ताटात अंडं, पालेभाजी, मूठभर शेंगदाणे असत. डॉक्टरांनी फोन केलेल्या घरांपैकी काही घरांत खरोखरच कुणाची ना कुणाची आई, सासू, आजेसासू लाघव घेत होती, हे तिला डॉक्टरांकडूनच कळलं. एका घरात लेकीने आईशी बोलणं टाकलं होतं. एका घरात डॉक्टरांनाच शिव्या बसल्या. कंपनीने पत्रक काढलं. त्यात बाळंतिणींनी मेथी टाळावी असं लिहिलं होतं आणि खाली लाघवसह आरोग्यदायी जीवनासाठी शुभेच्छा होत्या.

आठवड्यामागून आठवडा नमुना जात होता. पहिल्यांदा जिवाणू सापडला. डॉक्टर म्हणाल्या, मरतोय, वेळ लागतो. दुसऱ्यांदाही सापडला. तिसऱ्यांदा त्यांनी नमुना मोठ्या प्रयोगशाळेत पाठवला आणि रेणुकाला बोलावून घेतलं.

“तुमच्या पोटात तो खूप दिवस राहिला,” त्या म्हणाल्या. “कोट्यवधी पिढ्या झाल्या त्याच्या. त्यातल्या एखाद्याला ते आम्ल स्वतःच बनवायची युक्ती सापडली. त्याला आता गोळी लागत नाही, मेथी लागत नाही. उद्यापासून अँटिबायोटिक सुरू करू.”

“जाईल?”

“जायला हवा.” डॉक्टर खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. “तोवर उष्टं कुणाला देऊ नका. पाण्याचा तांब्यासुद्धा वेगळा ठेवा.”

घरी अभिजितने बारशासाठी कपाटातून कपडे काढून ठेवले होते. जरीची टोपी, तिचं हिरवं लुगडं. चार दिवसांवर बारसं होतं. तिने रिपोर्ट सांगितला तसा तो पलंगाच्या कडेवर बसला.

“हे बघ,” तो खाली बघत म्हणाला, “लांबून बघून येऊ. तू कशालाच हात लावू नकोस. जेवण डब्यातलं जेव. कुणाला काय कळतंय? साफ आला म्हणून सांगू. एवढा एकच दिवस, रेणू. आपला पहिला नातू.”

हेही तिला ऐकायचं होतं. त्याच्या आवाजात दुष्टपणाचा लवलेश नव्हता. त्या दिवशी ओसरीवरही नव्हता. तिने फोन उचलला आणि त्याच्यासमोरच लावला.

“रिपोर्ट आला?” शाल्मलीने पहिलंच वाक्य विचारलं.

“आला. अजून आहे. गोळी नाही, मेथी नाही, तरी आहे. त्याला आता कशाचीच गरज राहिली नाही म्हणतात.”

पलीकडे मागे कुठेतरी बाळ उं-उं करत होतं.

“किती दिवस?”

“माहीत नाही. औषध सुरू करतायत. जाईल की नाही तेही माहीत नाही, शालू. तुम्ही बारसं उरकून घ्या.”

“सासूबाईंनी हॉल धरलाय. निम्म्या पुण्याला बोलावलंय.”

“मग उरकाच. मला फोटो पाठव.”

“थांब जरा.” शाल्मलीचा आवाज फोनपासून दूर गेला. “निषाद! अरे, हॉलवाल्याला फोन लाव. तारीख सोडतोय म्हणावं. नाही, पुढची नाही सांगता येत… मी बोलते तुझ्या आईंशी, तू आधी फोन लाव.” मग ती परत आली. “पुढच्या तपासणीचा काय येईल तो आकडा मला सांग. वाईट आला तरी.”

“सांगेन,” रेणुका म्हणाली. “पण पोराला बिननावाचं किती दिवस ठेवणार तू? लोक काय म्हणतील?”

“राहू दे. त्याला अजून हाक कुठे कळते?”